चांगदेवाची तिरडी

किहीमशेजारच्या त्या गावात रीत होती, नाव काढलेल्या पैलवानाची तिरडी हलगी वाजवत तालमीवरून न्यायची. चांगदेव मुंबईत वजनदार गड्यांच्या गटात वीस वर्षं बॉक्सिंग खेळला. दरसाल शेवटच्या लढतीपर्यंत पोचला आणि दरसाल हरला. आज त्याची तिरडी बांधून तयार होती. “एक तरी कप आणला का त्यानं? हलगी कशाला? सरळ मसणात न्या,” पाटील म्हणाला. बायजाला नवऱ्यासाठी तेवढा एकच मान हवा होता. ती उठली. “पाटील, बैल लोळवील असा ह्यांचा हात व्हता. माज्यावर कधी उठला न्हाय. तुमच्यातला एक तरी असं सांगल का?” पुरुषांनी तिरडी खांद्यावर घेतली, पण हलगी काही वाजली नाही. तिरडी मसणाच्या वाटेला लागली. तेव्हा पाठीवरचे वळ लपवणाऱ्या बायांनी एकदम हंबरडा फोडला. सगळ्यांत मोठ्यानं पाटलाची बायको रडत होती.