जात्यामागची बाई

"आभाचा चेहरा का कापलास गं?" नवऱ्याने विचारलं. सिनेमा त्याचा, संकलन माझं.

"भूत जितकं कमी दिसेल तितकी भीती जास्त," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण कारण वेगळं होतं. भुताचं काम करणाऱ्या आभाच्या डोळ्यांवर त्याचा कॅमेरा नुसता रेंगाळत होता. माझ्यावर त्याची नजर एवढी कधी थांबली नव्हती. दुपारभर बसून मी तिचा एकेक क्लोजअप काढून टाकला. उरलं ते रिकाम्या ओसरीवर आपोआप फिरणारं जातं आणि भोवती सांडणारं पांढरं पीठ. ते फार मुकं वाटलं, म्हणून त्याला न सांगता माइकपुढे बसून मीच हलक्या आवाजात एक ओवी गायले.

पहिल्या खेळाला ओवी सुरू झाली आणि सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. पुढच्या रांगेतल्या बाईने शेजारणीचा हात घट्ट धरला. नवऱ्याने माझा धरला नाही. तो रिकाम्या जात्याकडेच बघत राहिला, जणू आभा तिथे बसलीच आहे.

"दिसत नाही, तरी सगळीकडे आभाच आहे बघ," तो पुटपुटला. "आणि आवाज तर काळजात घुसतो तिचा! सुटल्यावर फोनच करतो तिला."

"तिचा आवाज?"

"मग कुणाचा?"

पडद्यावर जातं फिरत होतं. गेली बारा वर्षं याच आवाजात मी त्याला रोज सांगत आले होते, "अरे, ये, पान वाढलंय."