बोटापुरती खाच

"सुतारा, पेटीत पिस्तूल जरासुद्धा हललं तर बोटं छाटीन," शाहदौरखाननं बजावलं. याच पिस्तुलानं त्यानं माझ्या भावाला मारलं होतं. जिरग्याच्या, म्हणजे जमातीच्या पंचायतीच्या, पंचांनी तह घडवला, खाननं माझ्या दारात माफीचे मेंढे कापले आणि मी त्याला मिठी मारली. तेव्हापासून तो मला नेभळट समजायचा. तरी पेटीच्या मापाला पिस्तूल दिलं ते गोळ्या काढून. आज कमरेचं भरलेलं पिस्तूल त्यानं स्वतःच मी बनवलेल्या अक्रोडाच्या लाकडाच्या पेटीत दाबून बसवलं. "वा! बायकोसुद्धा इतकी घट्ट बिलगत नाही!" मी दाराला कडी घातली, पटाशी उचलली. तो पिस्तुलावर झेपावला. नखं पेटीतल्या मखमली अस्तरावरून घसरत राहिली. उचलायला बोटापुरती खाच मी ठेवलीच नव्हती. "हलतंय का, खान?" विचारत मी पटाशी गळ्यात मुठीपर्यंत खुपसली. पेटी उलटी आपटली असती तर पिस्तूल हातात आलं असतं. त्याला सुचलं नाही, मीही सुचवलं नाही.