गाडी का सुरू झाली नाही

पंप चालत होता.

त्याने बॅटरीच्या दोन वायरी पंपाला पुन्हा लावून पाहिल्या. पुन्हा तोच घुंऽऽ असा आवाज. मागची सीट काढून बाहेर ठेवलेली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं, आणि आत पंप अगदी शहाण्यासारखा फिरत होता. त्याने वायरी सोडल्या आणि तिथेच उघड्या पत्र्यावर बसून राहिला. दोन महिने तो या पंपाला शिव्या देत होता. पंपाला म्हणजे स्वतःलाच. हा वापरलेला पंप त्यानेच शोधून आणला होता, त्यानेच बसवला होता. चार दिवस गाडी चालली. पाचव्या दिवशी बायकोला हॉस्पिटलात न्यायचं होतं, आणि गाडी सुरू झाली नाही.

तीन लाख दहा हजार किलोमीटर पळालेली गाडी. तिला त्याने दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. त्याने गाडीखाली झोपायचं आणि बायकोने टॉर्च धरायचा. बायको गाडीला सवत म्हणायची. "सवतीचं दुखणं निघालं की उठाठेव माझी," असं म्हणत न मागता बरोबर दहाचा पाना पुढे करायची.

त्या दुपारी डॉक्टर फोनवर म्हणाले, लगेच घेऊन या. तो वीस मिनिटं चावी फिरवत बसला. इंजिन नुसतं कण्हायचं, पकडायचं नाही. मग अँब्युलन्स बोलावली. ती यायला सव्वा तास लागला. बायको तासाभरातच गेली. घरी, स्वतःच्या पलंगावर.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. तिने एकच विचारलं होतं, "गाडी का सुरू झाली नाही?" तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. आज आली होती तीही गाडीसाठीच. चार वाजता भंगारवाला गाडी ओढून नेणार होता.

आता ती गाडीचे कागद घेऊन खाली उतरली. बाहेर काढलेली सीट पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाबा, अजून काय उचकताय?"

"दोष शोधतोय."

"बैल गेला आणि झोपा केला," मुलगी म्हणाली. "गॅरेजात टाका म्हणून आईने किती वेळा सांगितलं असेल. तुमचं आपलं एकच, मी असताना गॅरेज कशाला!"

"दहा मिनिटं दे."

"घ्या की. भंगारवाला येईपर्यंत गाडी तुमचीच आहे."

ती पायरीवर जाऊन बसली.

पंप चांगला आहे, म्हणजे त्याच्यापर्यंत करंट येत नाही. एवढं त्याला कळत होतं. वायर मागून पुढे तपासत तो स्टिअरिंगखाली आला. तिथे फ्यूजची पेटी होती. कंबर धरायला लागल्यापासून तो तिथे वाकत नसे. ते काम बायकोचं. आज तो गुडघ्यांवर बसला, मान वाकडी करून आत घुसला. पेटीचं झाकण घट्ट बसलेलं होतं. त्याने ते काढलं.

पंपाच्या फ्यूजची जागा रिकामी होती.

फ्यूज जळला तरी जागेवरच राहतो. गाडी खड्ड्यात आपटली म्हणून पडत नाही. चिमटीत धरून जोर लावून ओढला तरच निघतो. त्याने झाकण उलटं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला जादा फ्यूज ठेवायच्या खाचा असतात. तिथे एक निळा फ्यूज नीट खोचून ठेवला होता. त्याने तो उजेडाला धरून पाहिला. जळालेला नव्हता.

त्या दुपारी तो वर बॅग भरत होता. आठवडाभर त्याचा हात धरल्याशिवाय न उठणारी बायको म्हणाली, "मी पुढे होते. तुम्ही या सावकाश." त्याला बरंच वाटलं होतं, अंगात थोडी ताकद आली म्हणून. तो खाली आला तेव्हा ती त्याच्या जागेवर, स्टिअरिंगपाशी बसली होती. धाप लागली होती. "हे दार जवळ पडलं," म्हणाली, आणि पलीकडे सरकली.

त्याच्या महिनाभर आधी, तिसऱ्यांदा हॉस्पिटलातून सुटून आली तेव्हा ती म्हणाली होती, "आता पुन्हा नका हो नेऊ मला तिथे." तो तिच्यावर ओरडला होता. असलं वेडंवाकडं बोलायचं नाही म्हणून दम दिला होता. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

वीस मिनिटं तो चावी फिरवत होता आणि ती शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिनेच त्याच्या मनगटावर हात ठेवला होता. "राहू द्या आता. वर जाऊ."

"बाबा?"

मुलगी गाडीच्या दारापाशी येऊन उभी होती. आवाजात राग नव्हता. डोळे भरले होते.

"मिळाला का दोष? खरं सांगा. मला काही भांडायचं नाहीये. फक्त कळायला हवंय."

फ्यूज त्याच्या बोटांत होता. नुसता हात पुढे करायचा होता. त्याने तो होता त्या खाचेत परत खोचला, झाकण लावलं, आणि दाराला धरून कसाबसा उभा राहिला.

"मिळाला," तो म्हणाला. "पंपच होता. मीच नीट बसवला नव्हता."