गाठीखालचे फुटवे

टोपलीवरचं पोतं तिने उचललं आणि हात तसाच हवेत राहिला.

टोपलीत गर्द जांभळ्या गुलाबाच्या फांद्या होत्या. सगळ्या. सारख्या लांबीच्या, सुतळीने बांधलेल्या, कळ्यांसकट माना टाकलेल्या. तळाशी कलमाची गाठ पडली होती. तीन वर्षांपूर्वी जंगली खुंटावर तिने हा गुलाब बांधला होता, ती गाठ.

कुंपणाजवळ झुडपाच्या जागी वीतभर खुंट उरला होता. त्यावर गाठीखालून आलेले दोन जंगली फुटवे, हिरवेगार, जपून राखलेले.

गल्लीतल्या निम्म्या घरांना ती हेच शिकवत आली होती. गाठीखालून येतं ते जंगली, ते काढायचं. गाठीच्या वरचा आपला गुलाब, तो राखायचा. शेजारीण तर म्हणायची, काकूंना झोपेतून उठवून विचारलं तरी गाठ बरोबर दाखवतील.

इथे कुणीतरी नेमकं उलटं केलं होतं.

आधी तिला कुंपण रंगवायला आलेल्या रंगाऱ्याचा संशय आला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि काप जवळून पाहिला. तिरका, फुटव्याच्या पाव इंच वर, साल कुठेही न चेचता. त्यावर बुरशी धरू नये म्हणून लावायचा निळा लेप, बोटाने, अगदी कडेपर्यंत लावलेला. रंगाऱ्याला एवढं कुठलं पडलेलं असणार?

तिने आपला हात उलटा केला. तर्जनीच्या नखाच्या कडेला निळं होतं.

काल दुपारचं जेवण तिला आठवत होतं. चारचा चहा आठवत होता. मधला वेळ तिने पुन्हा पुन्हा चाचपून पाहिला. अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं दर वेळी होत राहिलं.

तिचे यजमान चपला ओढत बाहेर आले. बागेत आपली नेमणूक फक्त नळावर आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांनी टोपली पाहिली, खुंट पाहिला, मग तिचा चेहरा.

"मीच छाटलं काल," ते म्हणाले. "तुझा डोळा लागला होता. म्हटलं, तेवढीच मदत. आता बोल काय बोलायचं ते."

तिने खिशातली छाटणीची कात्री काढून पुढे धरली. "दाखवा बरं, कसं छाटलंत."

त्यांनी ती दाबली. उघडेना. फिरवून पाहिली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"गंजली वाटतं," ते म्हणाले.

तिने कात्री परत घेतली. न बघताच अंगठा खटक्यावर गेला आणि पाती उघडली. अंगठ्याला सगळं ठाऊक होतं. त्याचीच तिला आता सगळ्यात जास्त भीती वाटली. तिने पाती मिटली, खटका लावला, कात्री त्यांच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्यांची बोटं मिटवली.

"तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "मी मागितली तरी देऊ नका. रागावले तरी."

त्यांनी मान हलवली आणि कात्री शर्टाच्या खिशात ठेवली, टोक वर करून.