पाठमोरी

धम्मानंद सकाळी बिदरच्या कॉलेजात मराठी शिकवायचा. तेवढ्यात भागेना, तेव्हा संध्याकाळी पार्सलं पोचवू लागला. विद्यार्थ्यांनी ओळखू नये म्हणून दारात हेल्मेट काढायचं नाही, मराठी बोलायचं नाही, असा त्याचा नेम. आज मैलूर भागातल्या पार्सलवर नाव कुणा अंकुशरावांचं होतं, पण दार उघडलं ते त्याच्याच वर्गातल्या अंबिकानं. “ओटीपी हेळ्री,” तो आवाज बदलून कन्नडमध्ये म्हणाला. तिनं आकडे सांगितले, पण नजर त्याच्या बाहीला लागलेल्या खडूवर थांबली. आतून तिनं पाण्याचा तांब्या आणला. पाणी नाकारणं बरं दिसत नव्हतं, हेल्मेट घालून पिता येत नव्हतं. तांब्या त्याला देऊन अंबिका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हेल्मेट काढून तो घटाघटा प्यायला. “उद्या पैला तास तुमचाच हाय, सर,” ती भिंतीलाच म्हणाली. “कविता वाचून ये,” तो मराठीत म्हणाला.