पैठणीवरचा थेंब

पैठणीच्या पदरावर तांबडा डाग दिसला, तशी हौसाबाईंनी डाग कुठून आला ते सांगणारं घरातलं ओघळयंत्र पुढ्यात मांडलं. "जिनं सांडलं, तिचं दिवाळीचं माहेर बंद!" त्यांनी दोघी सुनांना बजावलं.

शर्वरीनं जावेच्या आमटीकडे बोट दाखवलं, सायलीनं जावेच्या बिटाकडे.

यंत्रानं डागाचा दाटपणा मोजला, त्यात बसलेले कण पाहिले, गणितानं ओघळ उलटा फिरवत नेला आणि सांगितलं, "थेंब तोंडातून उडालाय. लाळेत काथाचे कण आहेत. वेगावरून दिसतं, ते तोंड ओरडत होतं."

घरात पान खाणारं तोंड एकच.

"मग आत्याबाई, यंदा माहेर तुमचं बंद का?" शर्वरीनं सासूला हळूच विचारलं.

"गप्प बस! माझ्या तोंडासमोर पैठणी कुणी धरली होती, ते विचार त्या यंत्राला आधी!"