तिसरं घड्याळ

मुलींची शंभर मीटरची शर्यत संपली आणि आली की पंचाईत! एका घड्याळात दहा वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला होता, दुसऱ्यात नव्हता. आता सगळा निवाडा वेळ टिपणाऱ्या प्रमोदिनीच्या मुठीतल्या तिसऱ्या घड्याळावर.

"देवाला स्मरून सांगा हं अक्का," पंच उमाकांतअण्णा हसले, "विक्रम तुमचाच आहे!"

आपलं म्हणावं असं तिच्यापाशी तेवढंच तर होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"मोडला."

बंगळूरचं सारं मैदान टाळ्या वाजवू लागलं. जिंकलेली पोर धावत येऊन तिच्या पाया पडली.

"अक्का, आधीचा विक्रम कुणाचा होता?"

"तुझ्यासारखीच होती एक. जिंकल्यावर पाया पडायला तिला मैदानात कुणी सापडलं नव्हतं, एवढंच."